कलम ४९७ आणि रुपेरी पडदा

२७ एप्रिल १९५९ रोजीं दुपारचें जेवण आटोपल्यावर नौदलांतील एका अधिकाऱ्यानें आपली पत्नी, दोन मुलें आणि शेजाऱ्याचें एक मूल यांना मोटारींतून मुंबईच्या मेट्रो चित्रगृहावर नेलें, सहा वाजतां न्यावयास येतों असें सांगून त्यांना तेथें उतरविलें, आणि स्वतः आपल्या जहाजावर जाऊन तेथून एक रिव्हॉल्व्हर घेतलें. त्याच दुपारीं पत्नीनें त्याला सांगितलें होतें कीं, आपले दुसऱ्या एका पुरुषाशीं संबंध आहेत. तो पुरुष म्हणजे प्रेम आहुजा नांवाचा व्यापारी. थोड्याच वेळानें आहुजाच्या घरीं तीन गोळ्या झाडल्या गेल्या, आणि कमांडर कवस माणेकशा नानावटी आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला.

या खटल्याची हकीकत इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं ती पुनः सांगण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमचें लक्ष आहे तें एका लहानशा गोष्टीकडे. बचावाच्या म्हणण्याप्रमाणें नानावटीनें आहुजाला विचारलें तें एवढेंच: तूं तिच्याशीं लग्न करून मुलांना सांभाळशील काय? उत्तर उद्दाम मिळालें, आणि पुढें झटापट झाली. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला एका स्त्रीच्या पुढील आयुष्याविषयीं प्रश्न विचारीत होता, आणि ती स्त्री त्या वेळीं मुलांना घेऊन एका अंधाऱ्या चित्रगृहांत बसली होती. आमच्या बोलपटांनीं विवाहबाह्य प्रेमाच्या ज्या कथा पुढें साठ वर्षें सांगितल्या, त्यांतील बहुतेकींत स्त्री अशीच बाहेर बसवून ठेवलेली आहे, असें आम्हांस दिसतें. ती पडद्यावर असते, गाते, रडते, क्षमा मागते; पण तिला कांहीं हवें होतें काय, हें तिला कोणी विचारीत नाहीं.

याचें एक कारण सोवळ्या लोकरुचींत शोधण्याची रीति आहे. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. त्या काळचा कायदा आणि त्या काळची कथा यांची घडण जवळजवळ एकाच सांच्यांतून निघालेली आहे. मेकॉलेनें १८३७ सालीं दंडसंहितेचा जो पहिला मसुदा केला, त्यांत व्यभिचार हा गुन्हा नव्हता. मागाहून आलेल्या कमिशनरांनीं तो घातला, आणि १८६० च्या संहितेंत तो ४९७ वें कलम होऊन बसला. त्या कलमाप्रमाणें गुन्हेगार एकच, तो परपुरुष. त्याला पांच वर्षांपर्यंत कैद. गाऱ्हाणें घेऊन यावयाचें तें नवऱ्यानें. बायको गुन्हेगार नव्हे आणि फिर्यादीहि नव्हे. नवऱ्याची संमति असेल तर गुन्हा घडतच नसे. नवरा एखाद्या विधवेकडे किंवा अविवाहितेकडे जात असेल तर त्याच्या बायकोला या कलमाखालीं कसलाच आधार नव्हता. शेत कोणाचें आणि त्यांत जनावर कोणाचें शिरलें, अशा थाटाचा हा सारा विचार. शेताचें म्हणणें काय, हा प्रश्न त्यांत संभवतच नाहीं. १९५४ सालीं मुंबईकडील एका प्रकरणांत हें कलम सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां स्त्रीला शिक्षेंतून वगळणें ही तिच्यासाठीं केलेली खास तरतूद आहे, असें मानून तें कायम ठेवण्यांत आलें. दयेच्या पोटीं माणसाचें माणूसपण काढून घेण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं.

तो किती जुना आहे हें पाहावयाचें असेल तर अहल्येची कथा पाहावी. वाल्मीकीच्या बालकांडांतील अहल्या इंद्राला ओळखते. मुनीचा वेष घेऊन आलेला हा देवराज आहे हें तिला कळतें, आणि कुतूहलानें ती त्याला रुकार देते. कवि तिला दुर्बुद्धि म्हणतो, गौतम शाप देतो, सर्व कांहीं होतें. पण तिनें जें केलें तें तिनें केलें, हें आदिकवीनें लपविलेलें नाहीं. पुढच्या कथाकारांना हें पेलवलें नाहीं. त्यांनीं इंद्राला हुबेहूब गौतमाचें रूप दिलें आणि अहल्येला फसविली. आज घरोघरीं जी अहल्या सांगतात ती ही फसलेली आणि शिळा झालेली अहल्या. मूळ बालकांडांत तर ती शिळा होतहि नाहीं. वारा भक्षण करून, कोणाला न दिसतां, आश्रमांत राहते. तिला निर्दोष ठरवितांना तिची इच्छा तेवढी पुसून टाकली गेली. आमच्या बोलपटांनीं उचलली ती ही उत्तरकालीन अहल्या.

१९६३ हें वर्ष या दृष्टीनें मोठें बोलकें आहे. नानावटी-खटला तेव्हां ताजा होता. नऊ पंचांपैकीं आठांनीं त्याला निर्दोषी ठरविलें होतें; सेशन्स न्यायाधीशांना तो कौल न पटून प्रकरण हायकोर्टाकडे गेलें; तेथें १९६० सालीं जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं ती कायम केली. बाहेर मात्र 'ब्लिट्झ'सारखें साप्ताहिक त्याच्या बाजूनें उभें राहिलें होतें, आणि पुढें १९६४ सालीं राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनीं त्याला माफी दिली. या वातावरणांत १९६३ सालीं दोन हिंदी चित्रपट आले. आर. के. नय्यर यांचा 'ये रास्ते हैं प्यार के' उघडच या खटल्यावरून सुचलेला होता. त्यांत अन्याय झालेला नवरा सुनील दत्त. बी. आर. चोप्रा यांच्या 'गुमराह'मध्यें हाच सुनील दत्त दुसऱ्याच्या पत्नीचा पूर्वीचा प्रियकर. एकाच वर्षीं एकच नट कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला, आणि दोन्हीकडे त्याला सहानुभूति मिळाली. लीला नायडू आणि माला सिन्हा यांना ही सोय नव्हती.

'गुमराह' हा चित्रपट आम्हांस त्यांतल्या त्यांत अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यांतील स्त्रीचें मन खरोखरच मागें ओढ घेतें. मेलेल्या बहिणीच्या मुलांसाठीं तिनें मेहुण्याशीं लग्न केलेलें असतें. पहिला प्रियकर परत भेटतो, आणि ती त्याला चोरून भेटूं लागते. येथपर्यंत कथा तिची आहे. मग एक स्त्री येऊन तिला धमकावूं लागते, पैसे मागूं लागते, आणि शेवटीं कळतें कीं ही बाई नवऱ्यानेंच पाठविलेली, त्याचीच सेक्रेटरी! नवरा बॅरिस्टर आहे, त्यानें घरांतच फौजदारी चालविली. पत्नीच्या मनांतील द्वंद्वाची जागा चौकशीनें घेतली. शेवटीं नवरा तिला जाण्याची मोकळीक देतो आणि ती राहते. पण महिनेन् महिने पाळतीवर ठेवलेल्या माणसानें दिलेली ती मोकळीक आहे, हें विसरतां येत नाहीं.

दोन वर्षांनीं 'गाईड' आला. त्यांतील रोझी नवऱ्याचें घर सोडून राजूकडे राहते, आणि तरीहि प्रेक्षक तिच्यावर रागावत नाहीं. पण त्यासाठीं चित्रपटानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. आर. के. नारायण यांच्या कादंबरींतील मार्को रुक्ष आहे, आपल्या गुहांत आणि चित्रांत बुडालेला आहे, बदफैली नाहीं. पडद्यावर मात्र त्याला परस्त्रीबरोबर दाखवावें लागलें. पत्नीला नुसतें एकटें वाटलें, तिला नाचावेंसें वाटलें, एवढें कारण घर सोडण्यास पुरेलसें कोणालाच वाटलें नसावें. पुढें १९७३ सालीं गुलजारांनीं 'अचानक' काढला. गाणीं नसलेला, बांधीव चित्रपट. त्यांतील सैनिक पत्नीला आणि मित्राला, दोघांनाहि ठार करतो, आणि आम्ही पाहतों तो त्याचा सुंदर, उदास चेहरा. मेलेली पत्नी त्याच्या आठवणींत येते ती प्रेमळ बायको म्हणून. ती मित्राकडे कां गेली हें तिच्याबरोबरच संपतें.

मराठींत याला समांतर असा एक वेगळाच प्रवाह होता, आणि त्याकडे आमच्या समीक्षकांचें व्हावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. तसें पाहूं गेल्यास मराठी रंगभूमीनेंहि हा विषय बराच काळ हसण्यावारीच नेला. देवलांच्या 'संशयकल्लोळा'ची सारी गंमतच मुळीं यांत आहे कीं, ज्याचा संशय घेतला जातो तें कोणीं केलेलें नसतें. बोलपटांत 'प्रभात'च्या 'कुंकू'नें (१९३७) एक पाऊल पुढें टाकलें. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्याला नवरा मानण्याचेंच नाकारते. तिला दुसरा कोणी हवा आहे असें चित्रपट म्हणत नाहीं. पण हा नको, एवढें म्हणण्याचा हक्क तिला मिळाला. शांता आपट्यांच्या त्या नकारांत जो ताठा होता तो पुढच्या पंचवीस वर्षांच्या हिंदी नायिकांत आम्हांस क्वचितच आढळला.

आतां त्या १९५९ कडे पुनः वळूं. ज्या वर्षीं मुंबईंत नानावटी-खटला गाजत होता, त्याच वर्षीं अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट प्रदर्शित झाला, आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याची नायिका हंसा वाडकर. बाईंनीं पुढें आपलें आत्मचरित्र सांगितलें, त्याला त्याच चित्रपटाचें नांव दिलें, आणि १९७० च्या सुमारास मराठी वाचकाच्या हातीं एक असें पुस्तक आलें कीं, तें कोणत्या कपाटांत ठेवावें हें पुष्कळांना कळेना. लग्न, दुसरे पुरुष, दारू, कोंडून ठेवणारीं घरें, या सर्वांविषयीं ही बाई बोलते ती ना पश्चात्तापाच्या सुरांत, ना बढाईच्या. मी गेलें, मला तेव्हां जावेंसें वाटलें, मग असें झालें. आमच्या लहानपणीं वडिलांच्या पुस्तकांत हें पुस्तक मागच्या रांगेंत असे, आणि अर्थात् त्यामुळेंच तें आम्हीं वेळेच्या आधीं वाचलें. त्या वयांत त्यांतलें जें कळावें असें वाटत होतें तें कळलें नाहीं. कळलें तें एवढेंच कीं, ही बाई कोणाचीहि परवानगी न घेतां बोलत आहे.

श्याम बेनेगल यांनीं १९७७ सालीं या पुस्तकावरून 'भूमिका' काढला. स्मिता पाटील यांची उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते. नवरा तिच्या मिळकतीवर जगतो. नट तिच्यावर प्रेम करतो पण धीर करीत नाहीं. दिग्दर्शक तिच्याबरोबर मरण्याच्या गोष्टी बोलतो. आणि शेवटीं जमीनदार काळे तिला मानानें घरीं नेतो. त्या वाड्यांत तिला सर्व कांहीं मिळतें, फक्त उंबऱ्याबाहेर जाण्याची मुभा मिळत नाहीं. तेथून सुटण्यासाठीं तिला ज्या नवऱ्याला सोडलें त्यालाच बोलवावें लागतें, ही गोष्ट आम्हांस या सबंध चित्रपटांतील सर्वांत कटु वाटते. परंतु महत्त्वाचें असें कीं, काळ्याकडे जातांना तिला कोणीं पळविलेलें नाहीं. तिला संसार हवा होता, आणि तो कोठें मिळेल याचा तिचा अंदाज चुकला. चुकण्याचा हा हक्क नायिकेला फार थोड्या दिग्दर्शकांनीं दिला. आदिकवीच्या अहल्येचें कुतूहल येथें प्रथमच पडद्यावर आलें, आणि तें मराठी पुस्तकाच्या द्वारें आलें, याचा आम्हांस थोडासा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी.

पुढें १९८२ सालीं १९६३ ची जणूं उलटी आवृत्ति निघाली. या वेळीं दोन्ही बाजूंना उभी राहिली ती एक नटी. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्यें स्मिता पाटील ही सुलभा महाजन. स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला गेलेली, आणि ती घरीं नसतांना नवऱ्यानें दुसरी जवळ केलेली. महेश भट्ट यांच्या 'अर्थ'मध्यें तीच स्मिता दुसरी बाई, आणि पत्नी शबाना आझमी. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनीं लिहिलेल्या 'उंबरठा'मधील नवरा ही गोष्ट बायकोला सांगतो ती किती समजूतदारपणें! तो सुशिक्षित आहे, वकील आहे, ओरडत नाहीं. तूं येथें नव्हतीस, असें घडलें, आणि तें तसेंच चालूं राहील. जुन्या नवऱ्याच्या काठीपेक्षां या नव्या नवऱ्याच्या शांतपणाची आम्हांस अधिक भीति वाटते. सुलभा भांडत नाहीं, घराबाहेर पडते.

'अर्थ'चा शेवट सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचें मर्म कायद्याच्या अंगानें पाहावें अशी आमची विनंति आहे. दुसरीनें टाकून दिलेला नवरा परत येतो आणि क्षमा मागतो. पूजा त्याला विचारते कीं, हेंच मीं केलें असतें आणि परत आलें असतें, तर तूं मला घेतलें असतेंस का? तो खोटें बोलत नाहीं. नाहीं म्हणतो. मग तीहि जाते. १८६० पासून जो प्रश्न कोणत्याहि न्यायालयांत बायकोला विचारतां येत नव्हता, तो तिनें दारांत उभें राहून विचारला. तीनच वर्षांनीं, १९८५ सालीं, हें कलम पुनः सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. पुण्यांत जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं तें उचलून धरलें. मोहांत पाडणारा सामान्यतः पुरुषच असतो, असें त्या निकालपत्रांत म्हटलें आहे. विद्वान् न्यायमूर्तींविषयीं आदर राखूनहि आम्हांस म्हणावेंसें वाटतें कीं, हें वाक्य कायद्याच्या पुस्तकापेक्षां एखाद्या पटकथेंत अधिक शोभलें असतें. इंद्राला गौतमाचें रूप देणाऱ्या कथाकारांचाच तो युक्तिवाद आहे.

मात्र 'अर्थ'मधील प्रश्न हा जर-तरचा होता. पूजेनें तसें केलेलें नव्हतें. तिच्यावर प्रेम करणाऱ्या गायकालाहि ती नकारच देते. तिच्या प्रश्नाला जोर आला तो ती निष्कलंक होती म्हणून. जिनें खरोखरच तसें केलें आहे तिनें हा प्रश्न विचारला तर? त्यासाठीं आणखी अठरा वर्षें थांबावें लागलें. महेश मांजरेकर यांचा 'अस्तित्व' २००० सालीं मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. श्रीकांत पंडित या यशस्वी गृहस्थाच्या घरीं एक मृत्युपत्र येतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं त्याच्या पत्नीला गाणें शिकवावयास येणाऱ्या मल्हार कामतानें आपली मिळकत तिच्या नांवें ठेवलेली असते. श्रीकांत जुन्या डायऱ्या काढतो, आपण तेव्हां कोठें कोठें फिरतीवर होतों त्याच्या तारखा जुळवितो, आणि आपला मुलगा आपला नाहीं हें गणित करून काढतो. मग मुलासमोर आणि मित्रांसमोर अदितीला उभी करतो. तब्बू यांनीं ती अदिति उभी केली ती अपराधी मुद्रेनें नव्हे. तिनें त्या वेळींच सांगण्याचा प्रयत्न केला होता. तो मुलाच्या बातमीच्या आनंदांत ऐकावयासच तयार नव्हता. आणि त्यानें स्वतः बाहेर जें केलें त्याचा हिशेब कोणत्या डायरींत आहे?

हा चित्रपट आम्हीं पाहिला तेव्हां आम्ही अध्यापनाच्या व्यवसायांत नवखे होतों, आणि लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. डायरीच्या प्रसंगीं चित्रगृहांत शांतता होती. शेवटीं अदिति बोलूं लागली तेव्हां मागच्या रांगांतून कांहीं स्त्रियांनीं टाळ्या वाजविल्या, आणि बरेचसे पुरुष चित्रपट संपण्याच्या आधींच उठून दाराकडे निघाले. आम्ही उठलों नाहीं. पण उठावेंसें वाटलें होतें, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. परततांना रिक्षांत आमच्या पत्नीनें विचारलें, "अहो, तुम्हीहि तारखा मोजल्या असत्या का?" आम्हीं कथानकाच्या सैल बांधणीविषयीं कांहीं तरी बोललों. घरीं येईपर्यंत ती पुढें बोलली नाहीं. त्या आठवड्यांत आम्हीं एका स्थानिक नियतकालिकासाठीं परीक्षण लिहिलें, आणि त्यांत चित्रपटाचा शेवट नाटकी आहे, अदितीचें स्वगत लांबलें आहे, असे दोष दाखविले. ते दोष त्यांत आहेतच. पण लिहितांना आम्ही मनांत तारखाच मोजीत होतों.

२७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ४९७ वें कलम रद्द केलें. त्या पीठांत धनंजय चंद्रचूड होते. वडिलांनीं १९८५ सालीं राखलेलें कलम मुलानें स्वतंत्र निकालपत्र लिहून घटनाबाह्य ठरविलें. पिता-पुत्रांच्या या दोन निकालांवर आमच्याकडे एखादें चांगलें नाटक व्हावयास हरकत नव्हती. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता लागू झाली तींतहि हा गुन्हा नाहीं.

पडदा मात्र कायद्याइतका चपळ ठरला नाहीं. निकालाच्या दोनच वर्षें आधीं, २०१६ सालीं, 'रुस्तम' आला आणि त्यांत नानावटी देशभक्त झाला. परपुरुषानें त्याच्या पत्नीला जाळ्यांत ओढलें तें देखील तिच्यासाठीं नव्हे, तर या प्रामाणिक अधिकाऱ्यावर सूड म्हणून! साठाव्या वर्षाकडे झुकलेल्या त्या कथेंत बाईच्या वांट्याला येणारी जागा 'ये रास्ते हैं प्यार के'च्या मानानें वाढण्याऐवजीं आणखी आक्रसली. पुढें २०२२ सालीं शकुन बत्रा यांचा 'गहराइयाँ' घराघरांतील पडद्यांवर आला. त्यांतील चौघांपैकीं कोणाचेंच लग्न झालेलें नाहीं, म्हणजे जुनें कलम असतें तरी तें येथें लागतें ना. नायिकेला काय हवें आहे हें तिला ठाऊक आहे आणि ती तें घेते. येथपर्यंत आम्ही मोठ्या आशेनें पाहत होतों. पण अर्ध्यावर कथेला धास्ती वाटली कीं काय, नकळे. पैशाचा घोटाळा आला, मग नौका आली, विषप्रयोग आला, आणि एक प्रेत समुद्रांत पडलें. कायद्यानें शिक्षा सोडली तरी कथाकारानें ती सोडली नाहीं. त्या चित्रपटांत खरी हृदयद्रावक गोष्ट निराळीच आहे: नायिकेच्या आईचेंहि असेंच कांहीं घडलें होतें, आणि तिनें आत्महत्या केली. मुलीला तें कळतें तें फार उशिरां, बापाच्या तोंडून. आईची बाजू सांगावयास आई नाहीं.

हा चित्रपट आम्हीं घरीं, पत्नी आणि कॉलेजांत जाणारी मुलगी यांच्यासह पाहिला. मुलीनें आम्हांस विचारलें कीं, नानावटी-खटल्यावर इतके चित्रपट निघाले, त्यांतला सिल्व्हियाचा कोणता? आम्हीं एकेक नांव घेतलें: 'ये रास्ते हैं प्यार के' नवऱ्याचा, 'अचानक' नवऱ्याचा, 'रुस्तम' नवऱ्याचा. त्या दिवशीं दुपारीं मुलांना शेजारीं घेऊन, सहा वाजण्याची वाट पाहत, मेट्रोच्या अंधारांत बसलेल्या बाईपासून सुरू होणारा चित्रपट आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं.